नऊ दिवसांचं बाळ गेलं: कागद, माती, झाड आणि घरात जपायच्या वस्तू

(चर्चेतले प्रश्न आणि उत्तरं. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

बाभूळबन (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. माझ्या भावाची पहिली मुलगी नवव्या दिवशी गेली. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सातव्या महिन्याच्या शेवटी जन्म झाला, वजन १ किलो ३०० ग्रॅम. तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवलं, काचेच्या पेटीत ठेवलं, तिथेच गेली. आज अकरा दिवस झाले. बारसं व्हायचं होतं, पण नाव ठरलेलं होतं. शेतात नाल्याकडच्या धुऱ्यावर (बांधावर) माती दिली. खड्डा मांडीएवढा खोल होता.

घरातले मोठे म्हणतात, एवढ्याशा लेकराचं काही करायचं नसते, नाव काढायचं नसते. वहिनीला ते ऐकवत नाही. भावाला तिच्या नावानं झाड लावायचं आहे. विचारायचं ते असं: एवढ्या लहान बाळाची जन्माची आणि मृत्यूची नोंद दोन्ही करावी लागते का, आणि तिचं नाव कागदावर येईल का? माती दिली ती जागा वीतभर खचली आहे, वरून भेग पडली आहे, पाऊस तोंडावर आहे, तर काय करावं? झाड कोणतं, कुठं लावावं? तिचं टोपरं, झबलं, हाताला बांधलेला दवाखान्याचा पट्टा आणि सोनोग्राफीचा कागद एवढंच आहे, ते टिकवायचं कसं? आणि वहिनीची छाती अजून भरून येते, दुखते, त्याला काय करावं?

नोंदवही

ताई, आधी कागदाचं, कारण त्याला तारीख आहे. नवव्या दिवशी गेली आणि त्याला अकरा दिवस झाले म्हणजे आज विसावा दिवस. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे जन्म असो की मृत्यू, २१ दिवसांच्या आत कळवायचा असतो. घाबरू नका, जन्म आणि मृत्यू दोन्ही दवाखान्यात झाले असल्यानं कळवायची जबाबदारी दवाखान्याचीच आहे आणि बहुतेक कळवलंही असेल. पण उद्या फोन करून विचारून घ्या.

बाळ एक श्वास जरी घेऊन गेलं तरी नोंदी दोन होतात, आधी जन्माची, मग मृत्यूची. फक्त मृत्यूची नोंद करून जन्माची सोडून देतात, ही नेहमीची चूक आहे. त्यानं ते लेकरू कागदावर जन्मलंच नाही असं होतं. पोटातच गेलेल्या बाळाचा फॉर्म वेगळा असतो, २८ आठवड्यांनंतरचं असेल तर ‘मृत जन्म’ म्हणून त्याचीही नोंद होते. तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

नोंद घटना घडली त्या ठिकाणी होते, राहत्या गावात नाही. म्हणून ग्रामपंचायतीत जाऊन उपयोग नाही. जन्माचं तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात विचारायचं, मृत्यूचं जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या जन्म-मृत्यू नोंदणी खिडकीवर. जाताना आई-वडिलांचं आधार, माता-बाल संरक्षण कार्ड, बाळाचा केसपेपर आणि मृत्यूच्या कारणाचा कागद न्या. नोंद झाली की माहिती देणाऱ्याला दाखल्याची एक प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

नावाचं नीट ऐका. दवाखाना आपल्या मनानं ‘बेबी ऑफ’ पुढे आईचं नाव लिहून पाठवतो आणि नावाचा रकाना रिकामा राहतो. बाळ जिवंत असो-नसो, नाव ठरलेलं असेल तर आई किंवा वडिलांनी साध्या कागदावर अर्ज द्यावा: मुलीचं नाव असं आहे, जन्माच्या नोंदीत घ्यावं. जन्मनोंदीत नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं. खिडकीवरचा माणूस म्हणेल, आता नाव कशाला? वाद घालू नका. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेऊन पोच ठेवा. मृत्यूच्या नोंदीतही तेच नाव, तेच स्पेलिंग मागा. आईचं नाव दोन्हीकडे आधारप्रमाणे आहे ना, ते अक्षर न् अक्षर ताडून पाहा. माहेरचं-सासरचं नाव बदलून पडतं आणि मग दोन दाखले एकाच बाळाचे आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं.

उशीर झालाच तर: २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून काम होतं. ३० दिवस ते एक वर्ष, जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हे अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आहेत. तिथवर जाऊच देऊ नका.

शेवटचं. पुढं देव करो आणि दुसरं लेकरू होवो, पण त्याला हेच नाव ठेवू नका. त्याच आई-बापाच्या त्याच नावाच्या दोन नोंदी निघाल्या की आधारला, शाळेत, सगळीकडे घोळ होतो. आणि हे नाव तिचं आहे.

दवाखान्यातली ताई

छातीचं आधी सांगते, ते आजच करायचं आहे.

बाळ पेटीत असताना वहिनी रोज दूध काढून देत असतील. नऊ दिवसांत दूध चांगलं उतरलेलं असतं आणि मग एका दिवसात काढणं बंद. शरीराला कोणी कळवलेलं नसतं. म्हणून अकराव्या दिवशीही भरून येतं. सगळं दूध काढून रिकामं केलं तर शरीर पुन्हा तेवढंच बनवतं, अजिबात नाही काढलं तर गाठी होतात. मधला मार्ग घ्यायचा: ताण असह्य झाला की हातानं फक्त ताण उतरेल एवढंच काढायचं, वाटीभर नाही, दोन-तीन चमचे. दिवसाआड त्यातलं अंतर वाढवत न्यायचं. काढल्यावर ओल्या गार फडक्याच्या घड्या दहा-पंधरा मिनिटं ठेवायच्या. गरम शेक देऊ नका, त्यानं दूध अजून सुटतं. पदरानं किंवा पट्ट्यानं घट्ट आवळून बांधायची जी रीत आहे ती बंद करा, त्यानंच नळ्या तुंबतात. आधार देईल अशी अंगाबरोबर बसणारी चोळी किंवा ब्रा, रात्रीही. दुखलं तर पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर. दूध बंद करायची गोळी डॉक्टरांनी बीपी बघून लिहून दिली तरच, मेडिकलवरून मागून आणू नका. बाळंतपणात बीपी वाढलेलं असेल तर ती चालत नाही.

छातीवर एका बाजूला लाल तांबूस पट्टा, हात लावला तर गरम, आणि थंडी वाजून ताप, म्हणजे पू व्हायची सुरुवात. त्या दिवशीच दवाखाना. थेंब-थेंब दूध पुढे तीन-चार आठवडेही येऊ शकतं. शेजारचं लेकरू रडलं की एकदम ओघळतं. ते शरीराचं काम आहे, कोणाची नजर लागलेली नाही.

हळीव, मेथी, शतावरी दूध वाढावं म्हणून देतात, ते थांबवा. पण ‘बाळ नाही तर बाळंतिणीचं खाणं कशाला’ हे चालू देऊ नका. डिंक-खारीक-खोबऱ्याचा लाडू, वरण, अंडी, पालेभाजी, सगळं द्या. रक्त तिचंच गेलं आहे. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या चालूच ठेवायच्या, पण दोन्ही एकत्र नाही, मध्ये दोन तास सोडून. चहाबरोबर लोहाची गोळी घेऊ नये. बाळ गेलं की सिस्टर आणि आशाताई घरी यायला अवघडतात, आणि घरचेही बोलावत नाहीत. बाळंतिणीची तपासणी सहा आठवड्यांपर्यंत तिच्या हक्काची आहे. सांगून बोलावून घ्या. अंगावरून घाण वासाचं जाणं, तासाभरात घडी भिजेल एवढं रक्त, ताप, एका पोटरीला सूज आणि ठणका, डोकं फुटेल असं दुखणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर १०८.

डिस्चार्ज कार्डावर वहिनींचा रक्तगट बघा. निगेटिव्ह असेल तर प्रसूतीनंतर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन दिल्याची नोंद शोधा. सापडली नाही तर डॉक्टरांना लगेच दाखवा, पुढच्या गरोदरपणासाठी ते फार महत्त्वाचं आहे.

दूध पाजणं नाही म्हणजे पाळी लवकर येते, आणि पाळी दिसायच्या आधीच, बाळंतपणानंतर चौथ्या आठवड्यातही दिवस राहू शकतात. घरचे म्हणतात, लवकर दुसरं होऊ द्या म्हणजे विसरेल. शरीराला निदान दीड-दोन वर्षं द्या, सिझर झालं असेल तर नक्कीच. सिस्टरकडे निरोध आणि ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळ्या मोफत असतात, सहा आठवड्यांनी तांबी बसवता येते.

आता कारण. कागदावर ‘प्रीमॅच्युअर’, ‘आरडीएस’, ‘सेप्सिस’ असं काही लिहिलेलं असेल. आरडीएस म्हणजे फुप्फुस कच्चं असल्यानं ते उघडत नाही, दर श्वासाला बाळ दमतं. सेप्सिस म्हणजे रक्तात जंतू. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हे दोन्ही गाठतात. आई निंदायला गेली, पपई खाल्ली, ग्रहणात विळी हातात घेतली, हात वर करून दोरीवर कपडे वाळत घातले, यातल्या कशानंही बाळ दिवसांआधी होत नाही. हे वहिनींसमोर, सासूबाईंसमोर, मोठ्यानं सांगा. एकदा सांगून भागत नाही. आपल्या भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे म्हणून दोघांची तपासणी पुढच्या वेळेआधी करून घ्या, पण त्याचा या मृत्यूशी संबंध जोडू नका, सिकलसेल पहिल्या महिन्यात सहसा असा घात करत नाही. पुढच्या वेळी १२ आठवड्यांच्या आत नाव नोंदवा आणि ‘आधीचं बाळ सातव्या महिन्यात झालं’ हे पहिल्याच भेटीत सांगा. २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर आईला फुप्फुस पिकवायचं इंजेक्शन देतात, डेक्सामेथासोन, बारा-बारा तासांनी चार. ते द्यायला वेळ हवा, म्हणून कळ आली की घरी वाट पाहायची नाही. शक्य असेल तर नवजात कक्ष आहे अशाच दवाखान्यात थेट जायचं. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेनं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून दाखवलं की शिकवलेल्या गावच्याच बाया घरोघरी जाऊन अशी पुष्कळ लेकरं वाचवू शकतात. आशाताईंच्या आजच्या घरभेटी, ३ऱ्या, ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवसाच्या, त्याच कामातून आल्या आहेत. त्या भेटी पुढच्या बाळाला हव्यात.

आरोग्य खात्याचे लोक बाळाच्या मृत्यूची चौकशी करायला घरी येतील, कधी कळा आल्या, किती वाजता निघालात, गाडी कधी मिळाली असं विचारतील. ती पोलिसांची चौकशी नाही, प्रत्येक बालमृत्यूची होते. खरं सांगा, उशीर कुठे झाला तेही सांगा. आणि सिस्टरला म्हणा, आरसीएच नोंदीत (माता-बाल आरोग्याच्या सरकारी नोंदीत) बाळ गेल्याचं लगेच भरा. नाहीतर दीड महिन्यानं वहिनींच्या मोबाईलवर ‘बाळाला लस द्या’ असा मेसेज येतो.

मनाचं. बाळ रडल्यासारखं ऐकू येणं, हात जड वाटणं, कुशीत काही नाही म्हणून दचकून उठणं हे पहिल्या आठवड्यांत होतं, त्याला वेड म्हणत नाहीत. पण तीन-तीन रात्री झोप नाही, जेवण सुटलं, ‘मला तिच्याकडे जायचं’ असं बोलणं आलं, तर एकटं ठेवू नका. १४४१६ हा टेली-मानसचा (मानसिक आधाराच्या सरकारी सेवेचा) नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि फवारणीची औषधं घरात असतील तर ती आजच कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. हे भावासाठीही आहे. बाप रडत नाही म्हणून त्याला कोणी विचारत नाही.

काळीमाती

खचलेल्या जागेचं. आधी एक गोष्ट: पुन्हा उकरू नका, कितीही वाटलं तरी.

काळी माती भरताना ढेकळं पडतात, ढेकळांमध्ये पोकळी राहते, ती बसते म्हणून वीतभर खचतं. उन्हानं माती आक्रसते म्हणून भेग. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगेतून सरळ खाली जातं आणि जागा आणखी बसते. वास बाहेर आला की कुत्री, कोल्ही, रानडुकरं उकरायला येतात. लहान बाळाला खरं तर छातीएवढा, चार फुटांचा खड्डा हवा असतो. मांडीएवढा म्हणजे कमी आहे, तर वरून जाडी वाढवायची.

भेगेत काळी माती लोटू नका, ती पुन्हा फाटते. बारीक मुरूम आणा, बैलगाडीभर पुरे. भेगेत मुरूम कोरडाच सोडून काठीनं ठासा, मग दोन बादल्या पाणी हळू सोडा, बसेल तेवढं बसू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा मुरूम. जमीन सपाट झाली की वर दीड फूट उंचीची मुरमाची रास, कासवाच्या पाठीसारखी, म्हणजे पाणी दोन्हीकडे उतरेल. त्यावर नाल्यातले चपटे दगड एकमेकांना चिकटवून, हातभर पलीकडेपर्यंत. जनावर कडेनं उकरतं, वरून नाही. दगडांवर बोरीच्या फांद्या, दिवाळीपर्यंत राहू द्या. उताराच्या वरच्या अंगाला फूटभर खोल चर काढून पावसाचं पाणी बाजूनं वळवा. नाल्याच्या पुराचा काडीकचरा गेल्या साली कुठवर अडकला होता ते झुडपांवर बघा. जागा त्याच्या खाली असेल तर दगड मोठे वापरा. मृग लागायच्या आत हे सगळं होऊ शकतं.

झाड. तिच्या जागेवर लावू नका. झाडाला दोन फूट खड्डा खणावा लागतो आणि तुमचा मूळ खड्डाच मांडीएवढा आहे. सहा-आठ फूट सोडून, उताराच्या वरच्या बाजूला, धुऱ्याच्या तुमच्या अंगाला लावा. सामाईक धुऱ्याच्या मधोमध झाड म्हणजे उद्या वाटणीचं भांडण, आणि या झाडावर भांडण नको.

कोणतं? माझं सरळ मत: कडुनिंब किंवा मोह. भारी काळ्या जमिनीत, बिनपाण्याच्या उन्हाळ्यात, माणूस चार महिने फिरकला नाही तरी जगेल असं झाड पाहिजे. घरच्यांसाठी हे झाड वाळणं म्हणजे दुसऱ्यांदा तेच. मोह सावकाश वाढतो, फुलायला आठ-दहा वर्षं घेतो, पण एकदा धरला की पिढ्या पाहतो. काही गोंड कुटुंबांत अंगावरच्या लेकराला मोहाखालीच माती देतात. फळाचं हवं असेल तर सीताफळ, त्याला शेळ्या तोंड लावत नाहीत. साग लावू नका, पंचवीस वर्षांनी कोणीतरी त्याचा भाव विचारेल. पारिजातक वहिनींना आवडेल, पण पाणी साचणाऱ्या काळीत त्याची मुळं कुजतात. तो हवाच असेल तर घराजवळ, उंचवट्यावर.

खड्डा आत्ताच खणा, २ × २ × २ फूट, ऊन खाऊ द्या. भरताना निघालेली माती अर्धी, मुरूम एक वाटा, कुजलेलं शेणखत दोन टोपली, निंबोळी पेंड पाव किलो वाळवीसाठी. कच्चं शेण घालू नका, हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात. भरलेला खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा, तो बसतो आणि काळीत खळगा राहिला की पावसाळ्यात रोप पाण्यात उभं राहतं. रोप सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून, तीन-चार फुटी, खोड अंगठ्याएवढं. पिशवीच्या बुडाशी मुळं गुंडाळलेली असतात, बुडाचा इंचभर भाग कापून टाका, नाहीतर ती आयुष्यभर तशीच वळत राहतात. दोन चांगले पाऊस होऊन वीतभर ओल उतरली की लावायचं, पहिल्याच सरीला नाही. रोप एक नाही, तीन आणा. एक लावा, दोन मोठ्या पिशवीत घरी वाढवा. पहिलं गेलं तर त्याच वयाचं रोप हाताशी असेल.

पाणी दिवाळीपर्यंत लागत नाही. नंतर आठवड्याला बादलीभर, वैशाखात आठवड्यातून दोनदा. रोज जाणं होत नसेल तर दहा लिटरचा मातीचा माठ रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, बुडाला बारीक भोक पाडून सुती चिंधीची वात घाला, तोंडावर झाकण. भरलेला माठ चार-पाच दिवस पुरतो. आळ्यात सोयाबीनचं कुटार (भुसा) चार बोटं, पण खोडाला टेकवू नका, तिथे वाळवी चढते.

धुऱ्यावरचं झाड पाण्यावाचून मरतं त्यापेक्षा तीन गोष्टींनी जास्त मरतं. एक, तणनाशक. शेजारी ग्लायफोसेट मारतो, वाऱ्यानं फवारा येतो, आठ दिवसांत पानं पिवळी. फवारणीच्या दिवशी रोपावर टोपलं पालथं घाला आणि शेजाऱ्याला आधी सांगून ठेवा. दोन, धुरा पेटवणं. माघ-फाल्गुनात कोणी ना कोणी गवताला काडी लावतं. त्याआधी रोपाभोवती चार फुटांचं वर्तुळ खुरप्यानं कोरं करा. तीन, रोही (नीलगाय). शेळीपेक्षा रोही वाईट, अंग घासून खोड मोडतो. पाच फूट उंचीचं बांबूचं कडं, बाहेरून बोरीचे काटे, तीन वर्षं.

बाभूळबन

सगळ्यांचे उपकार कसे फेडू. आज भावानं मुरूम आणून टाकला. दवाखान्यात फोन केला, जन्माची नोंद झालेली आहे, नावाचा रकाना रिकामा आहे, भाऊ अर्ज घेऊन जात आहे. टोपरं आणि झबल्याचं राहिलं. झबल्यावर दुधाचा डाग आहे, वहिनी ते धुऊ देत नाही. आणि आई अजूनही म्हणते, नाव काढलं की लेकराचा जीव अडकतो. आईला काय सांगू?

पेटारा

झबलं धुऊ नका, त्यांचं बरोबर आहे. फक्त दुधाच्या डागाला मुंग्या आणि झुरळं लागतात, आणि वर्षभरात डाग पिवळा होऊन तिथला धागा कडक होतो. म्हणून एक करा. ते एक झबलं तसंच, सावलीत दोन दिवस पूर्ण कोरडं करून, स्वच्छ जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. त्यातच वास राहतो. टोपरं, दुपटं, बाकीचं साध्या पाण्यात, साबण न लावता हलक्या हातानं धुऊन सावलीत वाळवा. नीळ नको, इस्त्री नको. घडी घालू नका, गुंडाळी करा, घडीच्या रेघेवर कापड आधी फाटतं. कडुनिंबाचा वाळका पाला कापडी पुरचुंडीत बांधून डब्याच्या कोपऱ्यात, कपड्याला लागता कामा नये, त्याचा हिरवट डाग पडतो. डांबराच्या गोळ्या घालू नका, बाळाचा वास जाऊन त्यांचाच राहील. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात आतल्या आत बुरशी धरते. डबा जमिनीवर किंवा भिंतीला टेकून नको, वाळवी. दसऱ्याच्या सुमारास ऊन कोरडं झालं की दरवर्षी एकदा उघडून हवा द्यायची. तो एक दिवस वहिनींचा असू द्या.

सोनोग्राफीचा कागद आजच्या आज. तो थर्मल कागद आहे, शाई नाहीच त्याच्यावर, उष्णतेनं काळा होणारा लेप आहे. कपाटात ठेवला तरी काही वर्षांत पांढरा पडतो. आणि लॅमिनेशन अजिबात करू नका, मशीनच्या उष्णतेनं दोन सेकंदांत पूर्ण काळा होतो आणि परत येत नाही. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, कागद सपाट ठेवून वरून सरळ फोटो काढा, तालुक्याला झेरॉक्सवाल्याकडे स्कॅनही करून घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की बारीक होतो. दोन वेगळ्या फोनमध्ये ठेवा आणि फोटो स्टुडिओतून कागदी प्रत काढा.

हातातला पट्टा. त्यावर आईचं नाव, तारीख, वेळ, वजन बॉलपेननं लिहिलेलं असतं, मध्ये घडीपाशी अक्षर पुसट झालेलं असेल. त्यावरून पुन्हा पेन फिरवू नका. त्याचाही फोटो घ्या, मजकूर वहीत उतरवून ठेवा, पट्टा सेलोटेप न लावता कागदी पाकिटात. आणि एक विचारून बघा: काही दवाखान्यांत केसपेपरवर बाळाच्या पायाचा शाईचा ठसा घेतलेला असतो. भाऊ अर्ज घेऊन जातच आहे, तर जन्माच्या आणि पेटीतल्या, दोन्ही केसपेपरची प्रत लेखी मागावी. ठसा असेल तर त्याची रंगीत झेरॉक्स घ्यावी, काळ्या झेरॉक्समध्ये बोटं एक होतात.

टाळ-चिपळी

आईंना असं सांगा. दात येण्याआधी गेलेल्या बाळाला अग्नी देत नाहीत, माती देतात. तेरवी नाही, पिंड नाही, कारण त्या जिवावर कसलं ऋण नाही असं मानलं आहे. ‘करावं लागत नाही’ एवढाच त्या रीतीचा अर्थ. नाव घेऊ नये असं त्यात कुठं नाही. जीव अडकतो तो अतृप्त इच्छेत, असं जुनी माणसं म्हणतात. नऊ दिवसांच्या लेकराला दुधापलीकडे इच्छा कसली, आणि ते तिच्या आईनं स्वतः काढून दिलं.

तुम्ही आत्या आहात. बारशाला कानात नाव सांगायचा मान तुमचाच होता. एका संध्याकाळी घरातल्या बायांनी बसावं, पाळणा बांधू नये, पेढे वाटू नयेत, वहिनींच्या शेजारी बसून तुम्ही नाव एकदा मोठ्यानं सांगावं, तेवढं पुरे. त्यानंतर घरात ‘ते’, ‘झालं ते’ असं न म्हणता नावानं बोलावं.

कोणत्या समाजाचे ते तुम्ही लिहिलं नाही. गुरुदेव सेवा मंडळ गावात असेल तर सामुदायिक प्रार्थना ठेवता येते, त्याला पुरोहित लागत नाही, खर्च नाही, बायामाणसं सगळी बसतात. बौद्ध घर असेल तर त्रिशरण-पंचशील, पुण्यानुमोदन आणि अंगणवाडीच्या लेकरांना भोजनदान. वर्षाचा दिवस एकच धरा, जन्माचा की जाण्याचा, ते आई-बापानं ठरवावं. दोन्ही धरले तर मधले नऊ दिवस दरवर्षी जड जातात. तिथीनं धरायचं की तारखेनं, तेही आत्ताच लिहून ठेवा. अक्षय तृतीयेला पितरांची घागर भरतात तेव्हा या बाळाची घागर भरायची रीत नाही. आईंशी त्यावरून वाद नको. पण रस, कुरडया, चिंचवणीचं पान वाढताना एक लहान वाटी दुधाची बाजूला ठेवली तर कोणी अडवत नाही.

हळदीकुंकवाला, ओटीला वहिनींना वगळतील. ते आईंनीच अडवलं पाहिजे. पहिली ओटी आईंच्या हातून झाली की गावातल्या बाया पुढे बोलत नाहीत. आणि घरात तुमची लहान मुलं असतील तर ‘बाळ झोपलं’ असं सांगू नका, ती झोपायला भितात. ‘देवाघरी गेलं’ म्हटलं की कधी येणार विचारतात. बाळ फार लहान होतं, त्याचा श्वास थांबला, ते मेलं, आता येणार नाही, असं सरळ सांगा.

बाभूळबन

आईला वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण टोपरं तिनंच धुतलं. एक शेवटचं. भावाला मोहच लावायचा आहे. रोपवाटिकेत मोहाचं रोप फूटभरच मिळालं, तीन-चार फुटी नाही. चालेल का, की थांबावं?

काळीमाती

चालेल. मोहाचं सोटमूळ लांब जातं, फूटभराचं रोप उलट लवकर धरतं, मोठ्याचं मूळ पिशवीत वळलेलं असतं. फक्त याची पिशवी कापताना बुडाचं मूळ सरळ असेल तर कापू नका, पिशवीच तेवढी उभी चिरून काढा. एवढं लहान रोप गवतात दिसत नाही आणि निंदणारीचा विळा लागतो, म्हणून शेजारी पांढरा चुना लावलेली बांबूची खुंटी ठोका, कंबरेएवढी उंच.

पहिली दोन वर्षं ते वर वाढताना दिसणार नाही, खाली मूळ सोडत असतं. फाल्गुन-चैत्रात पानं झडली तर वाळलं समजून उपटू नका. नखानं खोड जरा खरवडून बघा, आत हिरवं असेल तर पाणी चालू ठेवा.